चिंचेनं घासलेलं घुबड

दशहरी बाजारात आला की माझं डोकं उठतं. गल्लीच्या तोंडाशी हातगाडी उभी राहते, त्या लांबट, हिरव्या-पिवळ्या आंब्यांचा ढीग लागतो, आणि समोरच्या मिश्राइनबाईंपासून दूधवाल्यापर्यंत प्रत्येक जण मला तोच प्रश्न विचारतो. "भाभीजी, अब बताइए, आपका हापुस इसके सामने कहाँ ठहरता है?" मी राजापूरची. लखनौत येऊन अर्धं आयुष्य गेलं, पण या प्रश्नाला मी कधी उत्तर दिलेलं नाही. नुसतं गोड असणं हाच मोठा गुण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी आंब्यावरून काय आणि माणसांवरून काय, वाद घालण्यात अर्थ नसतो. आमच्या घरातला माणूस तर केव्हाच फितूर झाला. विनायक, माझा नवरा, बँकेतून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी मोरीवर वाकून दशहरी चोखतो आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. निदान लाज तरी आहे.

परवा फोनवर निरोप आला. वर आंब्याचं चित्र, खाली जोडलेले हात. 'सालाना आम की दावत. सिक्के साथ लाइए, भूख साथ लाइए.' आमच्या शहरातल्या नाणी जमवणाऱ्यांची ही वार्षिक जेवणावळ. मलिहाबादला एका सभासदाची बाग आहे, तिथे दर जेठ महिन्यात, म्हणजे आपल्या ज्येष्ठात, सगळे जमतात. मी निरोप वाचला आणि पुसून टाकला. मी आता जात नाही. एका जेठात जे व्हायचं ते झालं, त्यानंतर त्या बागेत पाऊल टाकलेलं नाही. तरी दरवर्षी उन्हानं डांबर मऊ झालं, हवेत पिकल्या आंब्यांचा आणि तळणाऱ्या पुऱ्यांचा वास मिसळला, की तो सगळा मोसम पुन्हा उभा राहतो. मला तो आवडतो असं नाही. येतो, म्हणून सोसायचा.

मी औषधांच्या संशोधनात आयुष्य काढलं. रसायनशास्त्र. ग्रीक नाण्यांशी माझा संबंध हजरतगंजमधल्या एका घड्याळवाल्यामुळे आला. पट्टा बदलायला दिला होता, वेळ जात नव्हता, आणि काउंटरच्या काचेखाली जुन्या किल्ल्यांच्या शेजारी एक चौकोनी तांब्याचा तुकडा पडलेला दिसला. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. दोन हजार वर्षांपूर्वी अफगाणिस्तान-पंजाबकडे राज्य करणाऱ्या कुणा ग्रीक राजानं आपलं नाव दोन लिप्यांत लिहिलं होतं, का, तर प्रजेला वाचता यावं. आमच्या सरकारी संस्थेत संडासाच्या दारावरची पाटी दोन भाषांत लावायची तर आधी समिती बसायची, मग उपसमिती. त्या राजाविषयी मला तिथल्या तिथे आदर वाटला. माणसांविषयी असा आदर मला क्वचित वाटतो, म्हणून लक्षात राहिला.

मग त्या राजांचा नाद लागला. त्यांतला सगळ्यांत मोठा मिनँडर. आपल्याकडे त्यालाच मिलिंद म्हणतात. महाराष्ट्रात गल्लोगल्ली मिलिंद आहेत, बँकेत आहेत, नाट्यमंडळात आहेत, आणि आपण एका ग्रीकाचं नाव लावून फिरतो आहोत याचा त्यांतल्या बहुतेकांना पत्ता नाही. या मिलिंदाची नाणी तशी पुष्कळ मिळतात. पण चांदीचा एक लहान द्रम्म आहे, अंगठ्याच्या नखापेक्षा जरासा मोठा. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड. मान आपल्याकडे वळवलेलं, दोन वाटोळे डोळे रोखून बघणारं. ते घुबड फार कमी सापडतं. मी ते पुस्तकात पाहिलं त्या दिवसापासून मला ते हवं होतं. विकायला नाही, दाखवायला नाही. हातात घेऊन त्या डोळ्यांत एकदा बघायचं होतं, एवढंच. वीसेक वर्षं मी त्याच्या मागे होते.

या वीस वर्षांत घुबड भेटलं नाही, पण नाणी जमवणारे भेटले. यांच्याइतकी पोकळ जमात मी पाहिलेली नाही, आणि मी सरकारी खात्यात नोकरी केली आहे. यांना राजाचं नाव पाठ, पण त्यानं कुणाशी लढाई केली ते ठाऊक नसतं. नाणं हातात आलं की आधी विचारतात, 'ग्रेड क्या है?' म्हणजे झिजलं किती, राहिलं किती. जणू नाणं वापरलं जाणं हा त्याचा गुन्हा. दोन हजार वर्षं कुणीही हात न लावलेलं नाणं यांना सगळ्यांत थोर वाटतं. घरात सोफ्यावरचं प्लास्टिक न काढणाऱ्यांची ही आवड. त्यात मी एकटी बाई, म्हणून मी सगळ्यांची भाभीजी. डॉक्टरेट माझी, आणि डॉक्टरसाहेब म्हणून हाक मारायचे ते विनायकला, जो बँकेत होता.

या नाणेवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष रस्तोगीजी. जुन्या शहरात, चौक बाजारात कापडाची पिढीजात पेढी, अंगात कडक इस्त्रीचा कुर्ता, बोलण्यात साजूक तूप. त्यांच्याकडे ते घुबड आहे असं मी कितीतरी वर्षं ऐकत होते. ते कधी कुणाला दाखवायचे नाहीत. 'वक़्त आने दीजिए' म्हणायचे. शेवटी त्या जेठात वेळ आली. मलिहाबादच्या बागेत झाडाखाली चारपाया टाकल्या होत्या. मोठ्या घंगाळात पाणी आणि बर्फ, त्यात दशहरी तरंगत होते. शहरातली प्रतिष्ठित माणसं बाह्या सरसावून, कोपरांवरून रस गाळत, तोंडानं आवाज करत आंबे चोखत होती, आणि त्याच हातांनी मौर्यांपासून मोगलांपर्यंत सगळ्यांना एकमेकांकडे देत होती. मी लांब बसून चहा मागितला. आंब्याच्या दावतीत चहा मागणारी बाई म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

रस्तोगीजींनी हात धुतले, पांढरे हातमोजे चढवले, आणि मखमलीची डबी उघडली. माणसं आंबे विसरून भोवती जमली. "भाभीजी को पहले दिखाइए, इन्होंने बहुत इंतज़ार किया है," ते मोठ्या मनानं म्हणाले. मी भिंग लावलं. आणि मग मला काठावर साच्याची शिवण दिसली. पृष्ठभागावर इडलीला असतात तशी बारीक छिद्रं. जुनी नाणी छाप ठोकून करत, ओतून नव्हे. हे घुबड कुणीतरी अलीकडे चांदी वितळवून साच्यात ओतलं होतं. वर ते फार गोंडस होतं, वाढदिवसाच्या केकवर बसवावं असं.

"रस्तोगीजी, यह ढला हुआ है," मी म्हटलं. "असली नहीं है."

रस्तोगीजी हसले, अगदी मायेनं. "भाभीजी, आप दवाइयों वाली हैं. यह नज़र का मामला है. आप आम लीजिए."

सगळे हसले. कुणीतरी खरोखरच माझ्यापुढे आंबा धरला. मी तो घेतला नाही. परत येताना गाडीत विनायक म्हणाला, "कशाला बोललीस? त्यांच्या डबीत खोटं असेना का, तुझं काय गेलं?" त्या मूर्खांची कीव आली असती तर बरं झालं असतं. मला किळस आली होती, आणि त्याच्याखाली भीती होती. खरं घुबड न बघताच मी मरणार आणि हे लोक त्या ओतीव घुबडाला ओवाळत राहणार, अशी भीती.

जेठातले मारुतीचे मंगळवार लखनौत कसे जातात ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. चौकाचौकांत मंडप, कढया, पुरी-सब्जी, बुंदी, सरबताची पिंपं. लाल दिव्याच्या गाड्यांतून फिरलेले माजी साहेब काच खाली करून द्रोणाला हात पुढे करतात. फुकटची पुरी खाल्ली की पुण्य मिळतं, वाढली की जास्त मिळतं, आणि रस्ता अडवला की सगळ्यांत जास्त. अलीगंजात आमच्या घरापासून भाजीबाजारापर्यंत जायचं तर चार मंडपांत चार वेळा आग्रह मोडावा लागतो. त्या वर्षी मी इतकी चिडलेली होते की शेवटच्या मंडपात पुरी घेतली आणि उभ्यानं खाल्ली. चांगली होती, याचाही राग आला.

त्यानंतर आली वटपौर्णिमा. इथल्या बायकांची वटसावित्री अमावास्येला असते, आपली पंधरा दिवसांनी पौर्णिमेला. त्यामुळे लखनौतल्या मराठी बायका वडाशी पोचतात तेव्हा वड आधीच गुंडाळून झालेला असतो. जुने दोरे उन्हानं विटलेले, मुळांशी भिजवलेल्या हरभऱ्यांचा चिखल वाळलेला, मुंग्या आपल्या कामात. त्याच्यावरून आपण पुन्हा नव्यानं गुंडाळायचं. ज्या नवऱ्याशी सकाळी गॅस सिलिंडरवरून भांडण झालं, तोच सात जन्म मागायचा. मी हे व्रत कधी केलं नाही. विनायकलाही सात जन्म परवडणार नाहीत. पण प्रभाताई सोनटक्क्यांचा गुडघा दुखत होता आणि गाडी माझ्याकडे होती.

प्रभाताई मूळच्या यवतमाळच्या. नवरा वीज खात्यात होता, तो जाऊन दोनेक वर्षं झाली होती. तरी त्या वडाला यायच्या. "सावित्रीचं काय तो मेल्यावरच सुरू झालं नं?" असं त्यांनी मराठी मंडळातल्या बायकांना एकदा सुनावलं होतं, तेव्हापासून कुणी काही बोलत नव्हतं. मला त्या बाईचं तेवढं वाक्य आवडायचं, बाकी त्यांचं सगळं मला अंधश्रद्धा आणि खोबरेल तेल वाटे. दहा मिनिटांत आटपेल म्हणून मी सावलीत उभी राहिले. त्यांनी विड्याच्या पानावर सुपारी ठेवली, शेजारी एक चकचकीत लहानसं नाणं ठेवलं, त्यावर दूध घातलं, पदरानं पुसलं. आणि दोन वाटोळे खड्डे माझ्याकडे बघायला लागले.

मी तशीच गुडघ्यांवर बसले. "सुधाताई, शेवटी आलात ना वाटेवर!" बँकेतल्या कुणाची तरी बायको मागून म्हणाली. मला उत्तर द्यायला वेळ नव्हता. नाणं हातात घेतलं. काठावर शिवण नव्हती. छाप ठोकल्यावर चांदी जशी बाहेर ढकलली जाते, तशी कडेला उसवली होती. खरोष्ठीची तीन-चार अक्षरं शिल्लक होती. पालथं केलं तर देवीच्या नाकाडोळ्यांचा पत्ता नाही, शिरस्त्राणाची कड तेवढी लागत होती. घुबडाची पिसं गेलेली, पाय गेलेले. फक्त डोळे राहिले होते.

"प्रभाताई, हे काय आहे?"

"लक्ष्मी आहे बाप्पा, दुसरं काय! सासूबाईंची. आजेसासरे पलटणीत होते, तिकडं पेशावरकडं. त्यांनी आणली. एका अंगाला देवी, एका अंगाला तिचं घुबड. दिसून नाही राहिलं का तुला?"

"एवढी झिजली कशानं?"

"झिजली कुठं? लख्ख आहे. दिवाळीला आणि आजच्या दिवशी घासतो नं आम्ही. चिंच, मीठ, आणि वरून जराशी रांगोळी. सासूबाईंच्याही सासूबाई घासायच्या."

रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. दोन हजार वर्षं मातीनं जे सांभाळलं होतं, ते सोनटक्क्यांच्या सुनांनी अंगठ्यानं आणि दगडाच्या पुडीनं पुसून काढलं होतं, तेही भक्तीनं. त्या क्षणी मला त्या सगळ्या बायकांचा इतका तिरस्कार वाटला की बोलताना माझा आवाज चढला. मी सांगितलं की ही लक्ष्मी नव्हे, ग्रीकांची अथीना आहे. नाणं मिनँडर राजाचं आहे. जगात अशी थोडी आहेत आणि तुम्ही त्यातलं एक घासून संपवलंत. बायका दोरा धरून थांबल्या. प्रभाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझ्या त्या देवीचं वाहन कोणतं?" त्यांनी विचारलं.

"घुबडच."

"मग झालं तर."

"आणि राजाला आपल्याकडे मिलिंद म्हणतात."

"ते तर असणारच. आमच्या मिलिंदचं नाव सासूबाईंनीच ठेवलं." त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. नाणं माझ्या हातातून घेऊन त्यांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं.

मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेले. चांदीची मोठी लक्ष्मी, हत्ती-कमळांसकट, बदल्यात आणून देते म्हटलं. "लक्ष्मी बदलून घेते का गं कुणी? साडी आहे का ती?" त्या म्हणाल्या, आणि मला खारी बिस्किटं दिली. मी पुन्हा गेले. निदान घासू तरी नका म्हटलं. "काळी लक्ष्मी घरात ठेवू?" मी परत गेले. मला स्वतःचीच चीड यायला लागली होती. ज्या बाईच्या पूजेला मी हसत होते तिच्याच देव्हाऱ्यासमोर मी रोज चपला काढत होते, आणि ती मला दर वेळी बिस्किटं देत होती. त्या छोट्या देव्हाऱ्यात घुबड तांदळाच्या वाटीत बसलेलं असे. मी नमस्कार करायचं सोंग करून त्याच्याकडे बघून घेई.

दशहरी संपून चौसा आला तेव्हा पुण्याहून त्यांचा मिलिंद त्यांना कायमचं न्यायला आला. लखनौत वाढलेला मुलगा, मराठी सगळं कळतं, बोलतो हिंदी. खोल्यांतून खोकी पडली होती. "मम्मी, ये पूजा के बर्तन-वर्तन सब मत उठाओ, वहाँ जगह नहीं है यार." प्रभाताई पलंगावर बसून बघत होत्या. मी गेले तेव्हा त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"सून म्हणते, घासायला कोणाला वेळ आहे, भांड्यांच्या मशीनमधून काढू. लक्ष्मीला मशीनमधून! मी म्हटलं, त्यापेक्षा गोमतीत सोडते."

मी ती गोमती रोज बघते. पुलाखालून फेस वाहतो.

"तू घे," त्या म्हणाल्या. "देव्हारा नाही तुझ्याकडं, माहीत आहे. पण इतके दिवस येऊन राहिली, बघून राहिली. असं आमच्या घरातही कोणी बघत नाही तिच्याकडं. फक्त एक कबूल कर. वर्षातून एकदा, वडाच्या पुनवेला, चिंच लावशील. काळी ठेवू नको. नाही जमत म्हणशील तर आत्ताच सांग, उद्या सकाळी मिलिंद गाडी पुलावरून नेईल."

मी कबूल केलं. मनात म्हटलं, तू एकदा पुण्याच्या गाडीत बस, मग कोण बघतंय. वीस वर्षं मी जे शोधत होते ते वाचवायला मी कशालाही हो म्हटलं असतं. त्या म्हणाल्या, "ओटी भरते." मी सलवार-कमीजमध्ये होते. ओढणी पसरली. आयुष्यात कधी कुणाला ओटी भरू दिली नव्हती. गहू पडले, एक चौसा पडला, आणि त्यात ते नाणं, इतकं हलकं की पडल्याचं कळलंही नाही.

एक चूक मी केली, ती म्हणजे रस्तोगीजींना ते दाखवलं. माणसाला आपण जिंकलो हे सांगायला मूर्खच लागतात, शहाणे लागत नाहीत. हजरतगंजमध्ये कॉफीच्या टेबलावर मी रुमाल उलगडला. त्यांनी भिंग लावलं, पुष्कळ वेळ बघितलं. त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावरून सरळ दिसत होतं की हे खरं आहे आणि आपलं खोटं आहे, हे त्यांना कळलं आहे. मग त्यांनी नाणं टेबलावर ठेवलं.

"असली हो भी, भाभीजी, तो इसमें बचा क्या है?" आणि पुढे वाकून, अगदी मदतीच्या सुरात, "चौक में अपना एक कारीगर है. बढ़िया हाथ है. पंख, पंजे, सब दोबारा उभार देगा. किसी को पता नहीं चलेगा."

मी नाणं रुमालात बांधलं आणि कॉफी तशीच टाकून उठले. सोनटक्क्यांच्या सुनांनी घुबड झिजवलं ते त्याला देव समजून. हा माणूस ते कोरायला निघाला होता, तेही त्याला खरं मानून. या दोघांत जास्त अडाणी कोण, याचा मला त्या दिवशी निर्णय करता आला. त्या नाणेवाल्यांच्या मंडळाशी माझा संबंध तिथे संपला.

पहिलं वर्ष मी घासलं नाही. लखनौच्या हवेत चांदी लवकर काळवंडते, त्यात काही गूढ नाही, गंधकाचं काम आहे. पण गंमत अशी की काळं जसजसं चढत गेलं तसतसं घुबड वर यायला लागलं. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर जे दिसतच नव्हतं, ते काळ्यानं दाखवलं. एका पंखाची रेघ, चोचीचं टोक. मी हिवाळाभर खिडकीशी बसून ते बघत होते. इतकं सुख मला फार थोड्या गोष्टींनी दिलं आहे. आणि मग जेठ आला, वडाची पुनव आली, पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मागे बाल्कनीत कुंडीत खोचलेली वडाची फांदी. पुण्यात वडाकडे जायला वेळ नसतो, म्हणून त्याची फांदी तोडून विकत घेतात आणि तिच्याकडे दीर्घायुष्य मागतात. मी त्याबद्दल काहीतरी लागट बोलणार होते.

"लक्ष्मी दाखव नं," प्रभाताई म्हणाल्या.

मी नाणं कॅमेऱ्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग एवढंच म्हणाल्या, "अगं, काळी केलीस." रागावून नव्हे. परक्या घरी दिलेल्या लेकीचा उतरलेला चेहरा बघून आई बोलेल, तसं. मी फोन ठेवला आणि चिंच भिजत घातली.

रांगोळी मी वापरत नाही, एवढी अक्कल मला आहे. नुसती चिंच आणि अंगठा, तोही हलका. काय जातं ते मला कुणी सांगायला नको. अंगठ्यावर जे काळं येतं त्यात थोडी चांदीही असते, आणि त्या चांदीत मिलिंद राजाचं थोडंसं घुबड असतं. त्या वर्षी घासत घासत डोळ्यांशी आले आणि थांबले. ते दोन खड्डे तेवढे उरले होते. त्यांतलं काळं काढलं असतं तर घुबड आहे की सुपारी, हे कुणाला कळलं नसतं. मी डोळे सोडले, बाकी लख्ख केलं, आणि पुन्हा फोन लावला.

"हं, आता कशी दिसते!" प्रभाताई खूश झाल्या. मग डोळे बारीक करून, "पण डोळ्यांत काळं राहिलं."

"काजळ आहे ते," मी म्हटलं. मी, जिनं मंडळातल्या बायकांना पोरांच्या गालावरच्या तिटेवरून भाषणं दिली. "दृष्ट लागू नये म्हणून."

त्यांनी क्षणभर विचार केला. "अच्छा, काजळ लावलंस होय? मग राहू दे."

तेव्हापासून दरवर्षी हेच. त्या म्हणायच्या काळं राहिलं, मी म्हणायची काजळ, आणि दोघी हसायचो. गेल्या वर्षी त्या तेच दोनदा म्हणाल्या. मिलिंदनं मागून हळूच सांगितलं, "आंटी, मम्मी आजकल भूल जाती हैं."

आज वटपौर्णिमा. सकाळी चिंच भिजवली. मोरीवर विनायक दशहरी चोखत होता, त्याला बाजूला सरकवलं. नाणं घासलं, धुतलं, ओढणीनं पुसलं. बाहेर हातगाडीवाला ओरडत होता आणि मिश्राइनबाई त्याच्याशी आंब्याच्या वासावरून हुज्जत घालत होत्या. फोन मिलिंदनंच लावून दिला. प्रभाताई खुर्चीत होत्या, केस कुणीतरी नीट विंचरले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला दिसलं की त्यांना मी ओळखू येत नाही. "मम्मी, लखनऊ वाली सुधा आंटी हैं," मिलिंद म्हणाला. त्यांनी मान हलवली, तशी कुणाही पाहुण्याला हलवतात.

मी नाणं कॅमेऱ्यापुढे धरलं.

त्या पुढे वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग परक्या बाईला समजावून सांगावं तसं, आदरानं, एकेक शब्द जपून म्हणाल्या, "छान घासलीत हो बाई. पण एक लक्षात ठेवा. डोळ्यांतलं काजळ पुसायचं नसतं. आमच्या सासूबाईंनी सांगितलं आहे."

"नाही पुसणार," मी म्हटलं.